उंचीवर हवेचा दाब, घनता आणि तापमान कसं बदलतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात शाळेची पोरं आणि मे मध्ये घरची मंडळी घेऊन मी सातपुड्याच्या डोंगरावरच्या तोरणमाळला जातो. सातपायरीचा घाट चढताना जे प्रश्न येतात तेच मग वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात, पोरांचे, त्यांच्या पालकांचे, विहिरीवरून फोन करणाऱ्या आप्पा-तात्यांचे. ते सगळे इथे एका जागी टाकले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो कारण निम्मे घोळ तिथेच होतात : दाब वर जाताना कमीच होत जातो, तो कधी उलटा फिरत नाही. तापमान मात्र फिरतं, कधी कमी होतं कधी वाढतं. आणि घनता या दोघांचं मिळून ठरते. या तिघांना एकच गोष्ट समजू नका.

१. हवेला खरंच वजन असतं का? मग आपल्याला जाणवत का नाही?

असतं, आणि चांगलंच असतं. समुद्रसपाटीला १५ अंश तापमान असेल तर एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते, म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंच खोलीत चाळीस किलोच्या आसपास हवा असते. जाणवत नाही कारण दाब सगळ्या बाजूंनी सारखा असतो आणि आपल्या शरीराच्या आतूनही तेवढाच असतो. तळहातावर दर चौरस सेंटीमीटरला एक किलोचं ओझं आहे, पण खालूनही हवा तेवढ्याच जोरात वर रेटते म्हणून हात खाली जात नाही.

२. उंचावर दाब कमी का होतो?

दाब म्हणजे आपल्या डोक्यावर जी हवा उभी आहे तिचं वजन. कापसाच्या गाठी एकावर एक रचल्या तर सगळ्यात खालची सगळ्यात जास्त दबते, वरचीला कोण दाबणार? तसंच हे. आपण डोंगर चढलो की काही हवा आपल्या खाली राहून जाते, डोक्यावर उरते ती कमी, म्हणून दाब कमी. हे अंदाजाने नाही, मोजून सिद्ध झालेलं आहे. १६४८ साली फ्रान्समध्ये पास्कलने आपल्या मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्यू द डोम नावाच्या डोंगरावर पाठवलं, साधारण हजार मीटर चढाई होती, आणि वर गेल्यावर पारा आठ सेंटीमीटरहून जास्त खाली आला. खाली एक नळी तशीच ठेवून एक माणूस दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होता, तिच्यातला पारा हलला नाही. मला या प्रयोगातला तो खाली बसलेला माणूसच फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्यामुळे कोणी म्हणू शकलं नाही की अहो हवामानच बदललं असेल.

३. नेमका किती कमी होतो? आपल्याकडचा आकडा सांगा.

जमिनीजवळ दर साडेआठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल, म्हणजे जुन्या भाषेत एक मिलिबार. तीन मजली बिल्डिंगचा जिना चढलात की एक गेला. मागच्या डिसेंबरात शहाद्याहून निघताना माझ्या फोनमधल्या दाबाच्या सेन्सरवर ९९७ दिसत होते, घाटात पोरं दर वळणाला आकडा ओरडून सांगत होती, ९६०, ९३१, ९०५, आणि वर यशवंत तलावाजवळ उतरलो तेव्हा ८८८. हजार मीटर चढाई, आणि पाऱ्याची नळी बरोबर असती तर पारा पुन्हा आठ सेंटीमीटरहून जास्त उतरला असता, म्हणजे पास्कलच्या मेव्हण्याचंच उत्तर आम्हाला मिळालं.

पण हा हिशोब सरळ रेषेत पुढे नेऊ नका. वर हवा विरळ असल्याने पुढच्या प्रत्येक हजार मीटरला दाब आधीपेक्षा कमी पडतो. समुद्रसपाटीला १०१३, साडेपाच हजार मीटरवर निम्मा, आणि एव्हरेस्टवर म्हणजे ८८४९ मीटरवर जवळपास एक तृतीयांश.

४. गरम हवा वर जाते असं शाळेत शिकवता, मग वर थंड काब्रं असतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि प्रश्न एकदम बरोबर आहे, त्यामुळे नीट सांगतो.

पहिली गोष्ट, ऊन हवेला फारसं तापवत नाही. ऊन जमीन तापवतं आणि जमीन हवेला तापवते. चूल खाली आहे, वर नाही. सूर्याच्या जवळ गेल्यावर गरम व्हायला हवं असं वाटतं, पण सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, आपण तोरणमाळला जाऊन त्यातला एक किलोमीटर कापला तर काय फरक पडणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जमिनीजवळची तापलेली हवा वर निघते तेव्हा तिच्यावरचा दाब कमी होत जातो (प्रश्न २), म्हणून ती फुगते, आणि फुगायला जी ताकद लागते ती तिच्या स्वतःच्या उष्णतेतूनच खर्च होते, बाहेरून कोणी देत नाही. त्यामुळे ती फुगता फुगता गार होते. पंक्चरवाल्याकडे जाऊन बघा, टायरची हवा सोडतो तेव्हा व्हॉल्वमधून येणारी हवा बोटाला गार लागते, आणि हातपंपाने हवा भरताना पंप खालून चटका बसेल इतका गरम होतो. दाबली की गरम, सोडली की गार. डोंगरावर हेच होतंय, फक्त सावकाश.

कोरडी हवा दर हजार मीटरला जवळपास १० अंशांनी गार होते. ढगातली हवा मात्र साधारण ५-६ अंशांनीच, कारण वाफेचं पाणी होताना त्यातली उष्णता बाहेर पडते आणि हवेला थोडी ऊब देते. जगभराची सरासरी धरतात ६.५. म्हणून मे च्या दुपारी खाली शहाद्याला ४३ असेल तर तोरणमाळला ३३-३४ मिळतं, पण श्रावणात ढग उतरलेले असताना तोच फरक पाच-सहावर येतो. लोक म्हणतात उन्हाळ्यात तोरणमाळ जास्त थंड वाटतं, ते नुसतं वाटणं नाही, खरंच फरक जास्त असतो.

५. वर थंड असतं तर आमचा वरचा मजला खालच्यापेक्षा जास्त का तापतो?

कारण तीन मीटरने हवा फक्त दोन-तीन शतांश अंशाने गार होते आणि स्लॅब दिवसभर उन्हात भाजलेला असतो, स्लॅबपुढे उंचीचं काही चालत नाही. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर असायचा, ऊन खाली पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आणि रात्री धाब्यावर अंथरूण टाकल्यावर गार वाटायचं ते उंचीमुळे नाही, धाबं आपली उष्णता मोकळ्या आकाशात सोडून देतं म्हणून.

६. डिसेंबरात कधीकधी डोंगरावरच्या पाड्यापेक्षा खालच्या मळ्यात जास्त थंडी असते. हे प्रश्न ४ च्या उलट झालं ना?

हो, उलटच आहे, आणि हा अपवाद आपल्याकडे शेतकऱ्याने माहीत ठेवलाच पाहिजे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिला चिकटलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी ओघळत नाल्याकाठी, खोलगट शिवारात जाऊन साचते. त्याच्या वरची हवा तेवढी गार झालेली नसते, म्हणून वर जाताना काही मीटर, कधी शे-दोनशे मीटर, तापमान चक्क वाढतं. पहाटे चुलीचा धूर वर न जाता गावावर चादरीसारखा आडवा पसरलेला दिसला की समजायचं आज असंच आहे. दाब मात्र तेव्हाही वर जाताना कमीच होतो, तो नियम सोडत नाही.

रावेर-यावलकडे केळीला चरका बसतो तो अशाच रात्रींत, आणि एकाच मालकाच्या दोन मळ्यांत खोलगटातला मार खातो, उंचवट्यावरचा वाचतो. रात्री पाणी देणं किंवा बांधावर शेकोट्यांचा धूर करणं याचा उद्देश जमिनीलगतची ती गार हवा थोडी उबदार ठेवणं हाच असतो. आणि अक्कलकुव्याकडच्या डाब-वालंबा भागात दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात येतात, तिथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात, उंचीही आणि डोंगरातल्या खोलगट भागात साचलेली हवाही.

७. दाब आणि घनता एकच ना? दोन्ही वर कमी होतात.

नाही. घनता म्हणजे एका घनमीटरमध्ये किती हवा मावली आहे. दाब वाढला की घनता वाढते, तापमान वाढलं की घटते. वर जाताना दाब कमी होऊन घनता घटते, पण थंडी वाढत असल्याने हवा थोडी आकसते आणि घनता जरा सावरते. म्हणून दाब साडेपाच किलोमीटरवर निम्मा होतो पण घनता निम्मी व्हायला साडेसहा-पावणेसात किलोमीटर जावं लागतं.

उंची न बदलताही घनता बदलते. जळगावात मे मध्ये ४५ अंशाला एक घनमीटर हवा सुमारे १.०७ किलो, डिसेंबरच्या पहाटे १० अंशाला १.२२ किलो, म्हणजे त्याच गावात बारा टक्के फरक, हजार मीटर डोंगर चढल्यासारखा! साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्यांना हा फरक थेट लागतो, तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यात गरम पातळ हवा पात्यांना कमी जोर देते. विमानांचंही तेच, तापलेल्या दुपारी उडायला जास्त धावपट्टी लागते.

८. तोरणमाळला वरण शिजायला वेळ का लागतो?

पाणी उकळतं म्हणजे त्याची वाफ बाहेरच्या हवेच्या दाबाला पुरी पडते. बाहेरचा दाबच कमी असेल तर ती लवकर पुरी पडते, म्हणून दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं. जळगावात ९९ च्या वर, तोरणमाळला ९६ च्या आसपास, लेहला म्हणजे साडेतीन हजार मीटरवर ८८. पातेल्यात तूरडाळ टाकली तर पाणी खळखळत असतं पण पुरेसं गरम नसतं, आणि खालून कितीही लाकडं सारली तरी उकळतं पाणी त्यापुढे तापत नाही, फक्त लवकर आटतं. कुकर वापरा, तो स्वतःचा दाब वर चढवतो. मात्र कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक जास्त दाबाला वाजते, त्यामुळे लेहला कुकरच्या आतही पाच-सहा अंश कमीच मिळतात, एक-दोन शिट्ट्या वाढवाव्या लागतात.

भरताच्या वांग्यांना यातलं काही लागू नाही. ती जाळावर भाजली जातात, पाण्यात शिजत नाहीत.

९. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर पाणी उचलत नाही. मोठ्या एचपीची घेतली तर उचलेल का?

नाही आप्पा, पैसे घालवू नका. या प्रश्नाचा हवेच्या दाबाशी काय संबंध असं वाटेल, पण सगळा संबंध तिथेच आहे. वर बसवलेली मोटर पाणी ओढत नाही, ती फक्त सक्शन पाइपमधली हवा काढते आणि मग विहिरीतल्या पाण्यावर पसरलेला बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला पाइपात वर ढकलतो. हवा किती ढकलणार याला मर्यादा आहे, समुद्रसपाटीला १०.३ मीटर, म्हणजे चौतीस फूट, तेही मोटर अगदी निर्दोष असेल तर. जळगावच्या उंचीवर तेहतीस, तोरणमाळला तीसच्याही आत. प्रत्यक्षात फुटबॉल (म्हणजे पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व), बेंड, घर्षण, कुठेतरी हवा धरणं हे सगळं धरून वीस-पंचवीस फुटांच्या पुढे भरवसा नसतो. एचपी कितीही वाढवा, हवेचा दाब काही तुमच्या मोटरीवर अवलंबून नाही.

आपले जुने लोक उन्हाळ्यात मोटर दोरांनी खाली उतरवून विहिरीच्या टप्प्यावर ठेवायचे ते याचसाठी. लहानपणी आमच्या विहिरीवर चार माणसं मोटर उतरवताना मी काठावर कंदील धरून उभा असायचो आणि मला वाटायचं पाणी जवळ असलं की मोटरला कमी कष्ट पडतात, खरं कारण कॉलेजात गेल्यावर कळलं. पाणबुडी मोटरला ही अडचण नाही कारण ती खालून पाणी रेटते, तिथे एचपी कामाला येतो. दाब मोजायची नळी निघाली तीसुद्धा याच प्रश्नातून, इटलीतल्या पंपांना दहा मीटरच्या वर पाणी का चढत नाही याचा विचार करता करता तोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाण्याऐवजी जड पारा वापरून बघितला.

१०. केदारनाथला ऑक्सिजन कमी असतो म्हणजे हवेतलं त्याचं प्रमाण कमी होतं का?

प्रमाण तेच राहतं, जवळपास २१ टक्के, जळगावातही आणि एव्हरेस्टवरही. कमी होते ती एकूण हवा. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे, तिथे दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पासष्ट टक्के, म्हणजे एका श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. ताटात भाजी-पोळीचं प्रमाण तेच पण ताटच लहान. तोरणमाळला कोणाला विरळ हवेने चक्कर येत नाही, घाटातली ती गाडी लागणं असतं. अडीच हजार मीटरच्या पुढे मात्र गांभीर्याने घ्या, एका दिवसात झपाट्याने वर जाऊ नका, मध्ये मुक्काम करा, आणि डोकं दुखून उलटी व्हायला लागली, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर दर्शन बाजूला ठेवून आधी खाली उतरा. हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

११. कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो, खरं आहे?

नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. यात्रेकरूंच्या ग्रुपमध्ये हा मेसेज दरवर्षी फिरतो आणि त्या भरवशावर लोक दुखणं अंगावर काढतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१२. घाटात कान का बंद होतात, आणि चिप्सचं पाकीट का फुगतं?

दोन्हींचं कारण एकच, आत खालचा दाब अडकलेला आणि बाहेर वरचा कमी दाब. पाकिटाला तोंड नाही म्हणून ते फुगतं, कानाला घशाकडे उघडणारी नळी आहे, गिळलं की ती उघडते आणि हिशोब बरोबर होतो. उतरताना जास्त त्रास होतो कारण बाहेरचा दाब वाढून ती नळी चेपली जाते. पोरांना लिमलेटची गोळी द्या, तान्ह्या बाळाला पाजत राहा.

१३. वर गेल्यावर टायरची हवा कमी करावी का?

तोरणमाळसाठी गरज नाही. मीटर दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, त्यामुळे बाहेरचा कमी झाला की ३२ चे साडेतेहतीस व्हायला हवेत, पण वर थंडीने टायरमधली हवा आकसते आणि त्यातला एक परत जातो. आकडा जवळपास तिथेच राहतो. लेह-लडाखला जाणाऱ्यांनी तिथे पोचून टायर थंड असताना तपासावं.

१४. घाटात गाडीचा दम का जातो?

चढ तर आहेच, पण हवा विरळ झाली की (प्रश्न ७) इंजिनला दर झटक्यात ऑक्सिजन कमी मिळतो, साध्या इंजिनची ताकद हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. कार्बोरेटरची जुनी बाईक पेट्रोल मात्र तेवढंच सोडत राहते म्हणून काळा धूर आणि घुटमळणं. इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल आपणहून कमी करतात, टर्बोवाल्यांना फरक खूपच कमी जाणवतो.

१५. हवामानाच्या अ‍ॅपवर तोरणमाळचा दाब १०१२ दिसतो आणि फोनचा सेन्सर ८८८ सांगतो. कोण खोटं?

दोघंही खरे. अ‍ॅपवरचा आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, म्हणजे तेवढा डोंगर नसता तर तिथे किती दाब असता. असं केलं नाही तर नकाशावर प्रत्येक डोंगर म्हणजे कमी दाबाचा पट्टा दिसेल आणि खरं वादळ कुठे आहे ते कळणारच नाही. पाणी किती अंशाला उकळेल यासाठी सेन्सरचा आकडा घ्या, पाऊस-वाऱ्यासाठी अ‍ॅपचा.

१६. तोच फोन मे मध्ये डोंगराची उंची कमी दाखवतो. डोंगर तर तेवढाच आहे!

फोन दाबावरून उंची काढतो आणि त्यासाठी समुद्रसपाटीला १५ अंश अशी ठरवून दिलेली हवा धरतो. आपल्या मे मधली हवा तापून फुगलेली, त्यामुळे चढताना दाब सावकाश पडतो. हजार मीटर चढलात तरी फोन सव्वानऊशेच्या आसपास सांगू शकतो. शिवाय दाब दिवसागणिकही बदलतो, म्हणून निघताना माहीत असलेल्या उंचीवर सेट करून घ्या.

१७. पावसाळ्यात हवा जड होते ना?

वाटते तशी, पण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, तापमान आणि दाब तेच असेल तर. पाण्याच्या वाफेचा रेणू १८ वजनाचा, कोरड्या हवेची सरासरी २९, आणि वाफ आली की तिला जागा द्यायला जड रेणू बाजूला होतात. गुदमरल्यासारखं होतं ते घाम सुकत नाही म्हणून.

१८. एप्रिलमध्ये खाली चाळीस अंश असताना गारा कुठून येतात?

आपल्या डोक्यावर साडेचार-पाच किलोमीटरला, भर उन्हाळ्यातही, तापमान शून्य असतं. वादळी ढग त्याच्याही कितीतरी वर, बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतात आणि तापलेल्या जमिनीवरून उसळणारे झोत गारेला वरच्यावर झेलून मोठी करतात. खालची उष्णता त्या झोतांना जोरच देते. छोटी गार पडता पडता वितळते, मोठीला वितळायला वेळच मिळत नाही आणि ती केळीच्या पानांच्या चिंध्या करते.

१९. मग वर वर जात राहिलं तर थंडी वाढतच जाते का?

नाही. आपल्याकडे सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत वाढते, तिथे उणे ७५ च्याही खाली जातं. पुस्तकात अकरा किलोमीटर आणि उणे ५६.५ लिहिलेलं असतं ती ठरवून घेतलेली सरासरी आहे, विषुववृत्ताच्या बाजूला ही हद्द बरीच वर असते. त्याच्या पुढे ओझोन उन्हातली अतिनील किरणं शोषून हवा तापवतो, म्हणून पन्नास किलोमीटरपर्यंत तापमान पुन्हा चढून शून्याच्या आसपास येतं, मग परत पडून पंच्याऐंशी किलोमीटरजवळ उणे ९० च्या आसपास जातं. हे सगळं होत असताना दाब मात्र एकदाही चढत नाही.

शंभर किलोमीटरच्या बऱ्याच वर तापमान शेकडो अंशांत जातं, पण हात बाहेर काढला तर भाजणार नाही (हात दुसऱ्याच कारणांनी जाईल), कारण प्रत्येक रेणू सुसाट असला तरी रेणूच इतके थोडे की त्यांनी आणलेली उष्णता चटका द्यायला पुरत नाही. भट्टीतून उडालेली ठिणगी हातावर पडून विझते आणि कपभर उकळता चहा सांडला तर फोड येतो, ठिणगी चहापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असूनही, तसं.